भांडी बाजारातलं दुकान आणि गिरणाऱ्याचा द्राक्षमळा: सल्लागार घ्यावा का, आणि घेतला तर त्याच्याकडून काय करून घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचं जुनं दुकान आहे, दोन कामगार आहेत. धाकट्या भावाने नाशिकजवळच्या गिरणारे गावातल्या तीन एकर द्राक्षबागेत रविवारची मिसळ आणि बागफेरी सुरू केली आहे. दोन्हीकडे माणसं दिसतात, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही. एका सल्लागाराने तीन महिन्यांचे ६०,००० रुपये सांगितले आहेत. ते द्यावेत का, आणि सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी माल किती भरावा?

आधी फीचं बोलू. दुकानात ढोबळ १८ टक्के सुटतात असं तुम्ही लिहिलंय. त्या हिशेबाने ६०,००० रुपये भरून यायला सुमारे ३,३३,००० रुपयांची जादा विक्री लागेल. वर्षभरात विभागली तर महिन्याला २८,००० आणि कामाचे २६ दिवस धरले तर रोज साधारण १,०७० रुपये. तुमची सरासरी पावती ६४० रुपयांची आहे, म्हणजे रोज दोन पावत्या जास्त फाटल्या की फी वसूल. हे अवघड नाही. पण त्या दोन पावत्या कुठून येणार, हे पहिल्याच भेटीत कुणालाही सांगता येत नाही. मोजणी न करता जो सांगतो, त्याला पैसे देऊ नका.

मोजणी तुम्ही स्वतःही करू शकता आणि सल्लागार येण्याआधी ती केलीच पाहिजे, नाहीतर त्याचे पहिले तीन आठवडे तुमच्या पैशाने तेच करण्यात जातात. सलग १४ दिवस धरा, म्हणजे दोन शनिवार-रविवार येतात. दाराशी एक वही. दिवसाचे तीन भाग करा: उघडल्यापासून १, १ ते ४, ४ ते बंद. प्रत्येक भागात किती जण आत आले, किती पावत्या झाल्या, किती रुपयांच्या झाल्या आणि रिकाम्या हाताने गेलेल्यांनी काय मागितलं होतं, एवढं लिहा. पाच जणांचं कुटुंब आलं तर एकच रेघ, कारण खिसा एकच. शेजारी खूण करा: गावातलं गिऱ्हाईक ‘गा’, बाहेरचं ‘बा’. रामकुंडावरून पूल ओलांडून आलेला भाविक आणि मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेली सिन्नरची मंडळी यांना एकाच रकान्यात टाकलंत तर वहीचा उपयोग नाही.

ही मोजणी एकाच ठिकाणी फसते: गर्दी वाढली की रेघा मारणं थांबतं आणि रात्री अंदाजाने आकडा भरला जातो. नेमकी तीच वेळ महत्त्वाची असते. म्हणून हे काम गल्ल्यावरच्या माणसाकडे देऊ नका. घरातल्या कॉलेजच्या मुलाला चौदा दिवस दाराशी बसवा.

आता हिशेब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. रोज ९० जण आत येतात, २२ पावत्या होतात, सरासरी ६४० रुपये. विक्री १४,०८०, त्यातून सुटले २,५३४. दुकानाचा बांधलेला खर्च: भाडं १८,००० (जागा स्वतःची असली तरी लावा, कारण ती दुसऱ्याला दिली असती तर भाडं आलंच असतं), दोन कामगार २४,०००, वीज ३,५००, बाकी किरकोळ ४,५००. एकूण ५०,०००, म्हणजे रोज १,९२३. इथे थांबलात तर दुकान नफ्यात दिसतं. पण तुमचा स्वतःचा पगार यात नाही. तो २५,००० धरला की रोजचा खर्च २,८८५ होतो आणि सुटतात २,५३४. हातात काही राहत नाही ते इथे. तोटा रोज साडेतीनशेचा आहे आणि तो तुमच्या श्रमातून भरला जातोय.

ही दरी भरायला तीन वाटा आहेत. चार पावत्या वाढवा (२६ × ६४०), किंवा पावती ६४० वरून ७३० वर न्या, किंवा मार्जिन १८ वरून साडेवीस टक्क्यांवर न्या. तिन्हींनी काम भागतं. आपल्याकडे सगळे पहिल्या वाटेला लागतात: बोर्ड, बॅनर, रील, सूट. सूट सगळ्यात घातक. १८ टक्क्यांच्या मालावर ५ टक्के सूट दिली की शंभराला १८ ऐवजी १३ सुटतात. तेवढाच नफा राखायचा तर साडेअडतीस टक्के जास्त नग विकावे लागतील. भांड्यांत ५ टक्के सुटीने एवढी उडी येत नाही. रिक्षावाला किंवा गाईड गिऱ्हाईक आणून १० टक्के मागतो तेव्हाही हेच गणित करा. १८ मधले १० गेले तर ते गिऱ्हाईक तुमचं राहतच नाही. माझ्या मते तुमची वाट दुसरी आणि तिसरी आहे.

मार्जिनचं आधी, कारण तांब्या-पितळेच्या धंद्यात ते एका खास कारणाने गळतं. माल वजनावर येतो, धातूचा भाव हलतो आणि फळीवरच्या मालावर जुनी किंमत चिकटलेली असते. भाव चढल्यावर जुन्या किमतीत तांब्या विकला तर पावतीवर नफा दिसतो, पण त्या पैशात तेवढ्याच वजनाचा तांब्या परत येत नाही. दुकान रुपयांत वाढतं आणि किलोत आटतं. म्हणून साठा किलोत मोजा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तांबं किती किलो, पितळ किती किलो, एवढे दोनच आकडे रोजमेळाच्या वहीत लिहा. सहा महिन्यांत किलो घटत असतील आणि गल्ला तसाच असेल, तर तुम्ही भांडवल विकून खाताय. उपाय असा: प्रत्येक नगाच्या चिठ्ठीवर किंमत नको, वजन आणि घडणावळ लिहा. दुकानात मोठ्या अक्षरात आजचा भाव लावा. गिऱ्हाइकाला सोन्याच्या दुकानातून ही पद्धत माहीतच आहे, ती समजावून सांगावी लागत नाही. काट्यावर वजनमाप खात्याचा चालू वर्षाचा शिक्का हवा आणि काट्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूने दिसायला हवा. मोड घेतानाही वजन समोर करा आणि विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत ठेवा. चोरीची समई मोडीत आली तर पोलीस आधी तुमच्याकडे येतात.

घडणावळ सगळ्यावर सारखी लावणं ही दुसरी गळती. साध्या कळशीचा भाव गिऱ्हाईक चार दुकानांत विचारून येतो, तिथे तुम्ही कमीच ठेवणार. पण पळी-पंचपात्र, ताम्हण, अभिषेकपात्र, निरांजन, घंटा असे छोटे नग कुणी वजनावर पारखत नाही. हात, चकाकी, नाद बघून घेतो. या नगांवर घडणावळ वाढवायला जागा आहे.

पावती वाढवायची तर बाहेरगावचं गिऱ्हाईक काय उचलू शकतं याचा विचार करा. रामकुंडावरून आलेल्या माणसाच्या एका हातात ओल्या कपड्यांची पिशवी असते, गाडी किंवा बस लांब उभी असते. तो हंडा घेणार नाही. त्याला ३०० ते ९०० रुपयांत, किलोच्या आत, फडक्यात नव्हे तर कडक खोक्यात बांधलेलं काही हवं. तोंड पक्कं बंद होणारी गंगाजळी, पूजेचा पाच नगांचा संच, लहान समयांची जोडी. असे संच दारापासून दोन पावलांवर, कमरेच्या उंचीला ठेवा. आज तिथे बहुतेक दुकानांत हंडे आणि बंब रचलेले असतात, कारण ते जड असतात आणि हलवायचा कंटाळा येतो. मोठा माल मागे गेला तरी चालतो, त्याचं गिऱ्हाईक विचारत आत येतं. जड नगासाठी पार्सलचा दर आधी काढून फळीवर लिहून ठेवा: नाशिकहून सुरत, मुंबई, पुणे, पाच किलोपर्यंत इतके. ‘पाठवू, बघू’ म्हटलं की विक्री गेली.

भांड्यावर नाव घालून देणं ही आपली जुनी सेवा आहे आणि ती दारातच मिळाली पाहिजे. नाव घालायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरा नग बघतं. शिवाय नाव घातलेलं भांडं परत करायला येत नाही.

गावातल्या गिऱ्हाइकासाठी महिन्याचा एक ठरलेला शनिवार कल्हईचा ठेवा. कल्हईवाले आता दारावर येत नाहीत आणि पितळेची पातेली माळ्यावर पडून आहेत. नगाप्रमाणे दर लावा, त्यातून तुम्हाला काही सुटलं नाही तरी चालेल. पातेलं द्यायला एकदा आणि न्यायला एकदा, बाई दोनदा दुकानात येते. भट्टीचा धूर आणि नवसागराची वाफ बंद जागेत नको, मागचं अंगण किंवा सकाळी लवकरची वेळ. तांब्याचं भांडं विकताना ताक, चिंच, लिंबू त्यात ठेवू नका हे तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही लिहा. हिरवट डाग पडलेला तांब्या घेऊन भांडायला येणारं गिऱ्हाईक या एका ओळीने टळतं.

वर्षाचा हंगाम तुम्हाला माहीत आहे: लगीनसराई, दिवाळी, श्रावण. अधिक महिना मात्र अनेक जण ऐन वेळी आठवतात. तो साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो आणि जावयाच्या वाणासाठी तबक, दिवा, तांब्या लागतोच. पंचांग बघून तीन महिने आधी घडणाऱ्याकडे मागणी नोंदवा, कारण धोंड्याच्या महिन्यात तोही भाव वाढवतो.

आणि गोदावरीचा पूर. भांडी बाजार, सराफ बाजाराला हे सांगायला नको, तरी विम्याचा कागद काढून बघा. दुकानाच्या पॉलिसीत आग आणि चोरी असते, पूर असेलच असं नाही. पूर-वादळाचं कलम लिहिलेलं आहे का, आणि साठ्याची रक्कम आजच्या भावाने आहे का, हे दोन्ही तपासा. साठा १० लाखांचा आणि विमा ५ लाखांचा असेल तर नुकसान २ लाखांचं झालं तरी कंपनी निम्मंच देते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पुराची पातळी कळावी म्हणून दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत बसू नका, खालची फळी रिकामी करायला दोन माणसांना किती वेळ लागतो ते जूनमध्येच एकदा करून बघा.

आता गिरणारे. तिथली अडचण वेगळी आहे. मिसळ खायला माणसं येतात आणि बाग फुकट बघून जातात. नाशिकभोवती मिसळीची ठिकाणं इतकी झालीत की मिसळीच्या भावाने कुणाशी स्पर्धा करता येणार नाही. तुमच्याकडे बाग आहे, तिचेच पैसे घ्या. फेरी ४० मिनिटांची, एका गटात १५ ते २० जण, माणशी ठरलेली रक्कम आणि त्यातच अर्धा किलो द्राक्षं, कात्रीने स्वतः कापलेली. कात्री द्यायचीच, हाताने घड ओढला की काडी फाटते आणि शेजारच्या घडाची लव बोटांनी पुसली जाते. असा घड बाजारात किंवा निर्यातीला चालत नाही. म्हणून पाहुण्यांना सगळी बाग उघडी नको. रस्त्याच्या बाजूची १०-१५ गुंठ्यांची एकच बाग त्यांची, बाकीची दोरी लावून बंद.

फवारणीचं काटेकोर पाळा, यात तडजोड नाही. प्रत्येक औषधाच्या लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. पाहुण्यांच्या बागेत फवारणीची तारीख, औषध आणि फळ खाण्यास मोकळं होण्याची तारीख फळ्यावर लिहा. अवकाळी पाऊस झाला की डावणी रोगाच्या भीतीने शनिवारी रात्री फवारणीचा ब्लोअर फिरतो आणि रविवारी सकाळी मुलं त्याच ओळीत द्राक्षं तोडतात. तसं झालं तर त्या रविवारी फेरी बंद ठेवा आणि फोनवर आधीच कळवा. शेजाऱ्याच्या फवारणीचा झोत आपल्या हद्दीत येतो, त्याच्याशीही वार ठरवून घ्या.

शेततळ्याला पाच फुटी जाळी आणि कुलूप, आजच. प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावरून पोहणारा माणूसही वर चढू शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा, हवा भरलेल्या दोन ट्यूब बांधून ठेवा. विहिरीला कठडा. त्यानंतरच विमा एजंटशी येणाऱ्या लोकांच्या अपघाताच्या पॉलिसीबद्दल बोला. वीस गाड्यांना वळायच्या जागेसह पाच-सहा गुंठे लागतात. तेवढी जागा नसेल तर गटाच्या वेळा ठरवून द्या, कारण गिरणारे रस्त्यावर गाड्या लागल्या की गावाशी बिनसतं आणि ते परत जुळवणं कठीण. स्वयंपाकाला व्यावसायिक सिलिंडर, अन्नपदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी. बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारी दोन स्वच्छतागृहं मिसळीच्या तर्रीपेक्षा जास्त गिऱ्हाईक परत आणतात, हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितोय. बेदाण्याची पाकिटं विकत असाल तर त्यावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीचा नंबर हवा. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या. शाळांच्या सहली मिळवताना दाखवायला कागद लागतो, आणि आठवड्याचे मधले वार याच सहलींनी भरतील.

बाग वर्षभर रोज उघडी ठेवू नका. जानेवारी ते मार्च रोज, एरवी फक्त रविवार. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर किंवा ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर आलेल्याला नुसत्या काड्या दिसतात आणि तो तसाच अभिप्राय लिहून जातो. गुगल मॅपवर वेळा महिन्याप्रमाणे बदला. दुकानाची खूणही तिथे तपासा, जुन्या गल्ल्यांत ती बऱ्याचदा मागच्या बोळात पडलेली असते.

दोन्ही जागा जोडायला छापील कूपन पुरे, पण क्रमांक घातलेलं. बागेत दिलेलं कूपन दुकानात आलं तर नाव घालणं मोफत. महिन्याला किती परत आली ते मोजा, तीनशेत पाच आली तर बंद करा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईची मंडळी त्याच दिवशी परत फिरणं पसंत करतात, म्हणून कूपनवर दुकानाची वेळ आणि गाडी लावायची जवळची जागा छापा.

सिंहस्थाचं आता सांगता येईल. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ च्या पर्वण्यांच्या दिवशी वाहनं शहराबाहेर अडवली जातात, पायी मार्ग एकदिशा होतात आणि जुन्या नाशकातल्या दुकानापर्यंत गिऱ्हाईक आणि मालाचा टेम्पो दोन्ही पोचणं कठीण होतं. विक्री पर्वणीच्या दिवशी होईल असं धरू नका, ती आधीच्या आणि मधल्या दिवसांत होते. माल आठवडाभर आधी आत आणून ठेवा, तोही पुराच्या फळीच्या वर, कारण हे सगळं ऐन पावसाळ्यात आहे. ‘सिंहस्थ २०२७’ कोरलेला माल घाऊक घेऊ नका. मेळा संपला की त्याची किंमत मोडीची, घडणावळ पूर्ण बुडते. साध्या गंगाजळ्या आणि लहान तांबे घ्या आणि नाव-साल मागणीनुसार तिथेच घाला. उरलेला माल पुढे वर्षभर विकला जातो. किती? मोजणीतल्या ‘बा’ गिऱ्हाइकाच्या छोट्या नगांची महिन्याची विक्री काढा, तिच्या अडीच-तीन पटीपर्यंत स्वतःच्या जोखमीवर घ्या, त्यापुढचं घडणाऱ्याकडून परतीच्या बोलीवर. मालासाठी तीन वर्षांचं कर्ज नको, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा वापरा, विकलं की भरता येते.

सल्लागाराशी करार करायचा तर असा करा. पैसे तीन टप्प्यांत: १२,००० मोजणी तपासून दोन पानी लेखी निदान दिल्यावर, २४,००० मांडणी, भाव-चिठ्ठ्या आणि बागेची फेरी प्रत्यक्ष बसवून दिल्यावर, उरलेले २४,००० नव्वदाव्या दिवशी पुन्हा १४ दिवसांची मोजणी करून दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर. विक्रीवर टक्का देऊ नका, तो मग सूट द्यायला लावतो. फर्निचरवाला, जाहिरातवाला, सॉफ्टवेअरवाला यांच्याकडून तो काही घेत नाही, असं एका ओळीत लिहून घ्या. तो एक शनिवार दुकानात आणि एक रविवार गिरणाऱ्याला पूर्ण दिवस थांबणार का, हेही विचारा. खरेदीची बिलं, उधारीची वही आणि जीएसटीची विवरणपत्रं त्याला दाखवायला तुमची तयारी नसेल तर त्यालाही बोलावू नका. मोजणीची वही येत्या शनिवारपासून सुरू करा आणि चौदा दिवस झाले की त्यातले ‘गा’ आणि ‘बा’चे आकडे इथे लिहा, कोणत्या वाटेने जायचं ते त्यावरून नेमकं सांगता येईल.